भाकर म्हाताऱ्यांच्या दारी

दारी आलेल्या भुकेल्यास विन्मुख पाठवू नये, ही आपल्या वऱ्हाडाची जुनी रीत. माधुकरी, वारकऱ्यांची पंगत, यात्रेतील सदावर्त ही सारी तिचीच रूपे होत. आपल्याच जिल्ह्यात शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घातले; पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. परंतु सदावर्त म्हटले की, भुकेल्याने तेथवर यावयास हवे. ज्याला खाटेवरून उठवतच नाही, त्याने काय करावे?

त्याचे ताट पूर्वी घरची सून किंवा शेजारीण नेऊन देई. म्हणून त्याकरिता निराळी व्यवस्था करावी, असे कोणास वाटले नाही. पुढे मुले नोकरीसाठी शहरांत गेली आणि मोठ्या वाड्यात एकटी आजी उरली.

डबा पोचविण्याची विद्या आपणास नवी नव्हे. मुंबईत १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी डबेवाल्यांचे काम सुरू केले. पण तो डबा घरून कचेरीत जाई, कमावत्या माणसासाठी. घरी बसलेल्या वृद्धांकडे डबा नेला तो इंग्लंडातील स्त्रियांनी. लेडी रेडिंग यांनी १९३८ साली स्थापिलेल्या 'विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेस' या संघटनेच्या सेविका दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वृद्धांच्या घरी गरम जेवण पोचवू लागल्या. हे जेवण आठवड्यातील ठराविक वारीच असे व त्याचे अल्प मोल घेतले जाई; त्यामुळे घेणाऱ्यास संकोच वाटत नसे. १९५४ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी हे काम सुरू झाले. तेथे शाळकरी मुलांनीही हात लावला.

आपल्याकडे १ एप्रिल २००० रोजी केंद्र सरकारची 'अन्नपूर्णा' योजना सुरू झाली. निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते न मिळणाऱ्या ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांना तीत दरमहा १० किलो धान्य मोफत ठरले. २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रात १० रुपयांत शिवभोजन थाळी मिळू लागली. दोन्ही गोष्टी मोलाच्या. पण धान्य शिजवावे लागते आणि थाळीसाठी केंद्रावर जावे लागते. खाटेवरची आजी राहिली ती राहिलीच!

भगिनींनो, कोणत्या आळीत कोण म्हातारे माणूस एकटे आहे, हे आपल्याइतके कोणास ठाऊक? आळीवार यादी करावी, वार वाटून घ्यावेत. दात नसतील त्यांना मऊ वरण-भात किंवा दुधात कुस्करलेली भाकर द्यावी. ज्यांना शक्य असेल त्यांच्याकडून थोडे पैसे जरूर घ्यावेत. त्यांचा मान राहील. आणि डबा ठेवून लगेच परतू नये, घटकाभर बसावे. एखाद्या दिवशी हाक मारूनही दार उघडले नाही, तर ते सर्वांआधी कळेल डबा घेऊन गेलेल्या भगिनीलाच.