मैदानावरचे प्राध्यापक



शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो. पण पुष्कळ ठिकाणी तो कागदावरच राहतो. गणित मागं पडलं की गणिताचे मास्तर तो तास मागून घेतात, आणि खेळाचे मास्तरही खुशाल देऊन टाकतात. खरं म्हणजे आमच्या किनाऱ्यावर बुरोंडीसारख्या गावी मैदानाला तोटा नाही. ओहोटी लागली की पुळण मोकळी होते, आणि मुलं पायानं रेघ ओढून हुतुतूचा डाव मांडतात. उणीव असते ती त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षे नेमानं उभं राहणाऱ्या मोठ्या माणसाची.

आता महाविद्यालयांतून शारीरिक शिक्षणाचे संचालक असतात. असे शिक्षक तयार करण्यासाठी मुंबई सरकारनं कांदिवलीला संस्था काढली ती १९३८ साली. त्याआधी जिमखान्याचा भार बहुधा खेळाची आवड असलेल्या एखाद्या प्राध्यापकाच्याच खांद्यावर येई. पुस्तक आणि मैदान ही दोन्ही एकाच माणसाला कशी साधतात, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे प्रा. दिनकर बळवंत देवधर.

देवधरांचा जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२ चा. विषय संस्कृत. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजेच पुढच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, ते संस्कृतचे प्राध्यापक होते. आणि खेळ? क्रिकेट! १९११ साली मुंबईच्या तिरंगी सामन्यांत ते हिंदू संघाकडून उतरले. पहिल्या महायुद्धाच्या आधी धरलेली ही बॅट त्यांनी दुसरं महायुद्ध संपल्यावरच खाली ठेवली.

१९२६ सालच्या हिवाळ्यात गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. चा इंग्लिश संघ हिंदुस्थानात आला. मुंबईत कर्नल सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा झोडपल्या. पाठोपाठ अखिल हिंदुस्थानच्या संघातून खेळताना देवधरांनी १४८ धावा काढल्या. साहेबाचा खेळ आपल्यालाही साहेबाइतकाच येतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढं १९२८ मध्ये क्रिकेटचं नियामक मंडळ स्थापन झालं, आणि १९३२ च्या जून महिन्यात लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला.

त्या संघात देवधर नव्हते. त्यांचं वय तेव्हा चाळीस. ज्यांच्या बॅटीनं ती वाट रुंद केली, त्यांना स्वतःला एकही अधिकृत कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. दुसरा कोणी असता तर रुसून घरी बसला असता. देवधरांचा खरा पराक्रम या चाळिशीनंतरचा आहे.

राज्याराज्यांमधली रणजी करंडक स्पर्धा १९३४ साली सुरू झाली. १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या दोन वर्षी महाराष्ट्रानं तो करंडक जिंकला. कर्णधार होते देवधर. पहिल्या वर्षी त्यांच्या हाताखाली खेळणाऱ्या तरुण विजय हजाऱ्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. दुसऱ्या वर्षी मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राच्या ६७५, मुंबईच्या ६५०. पंचवीस धावांच्या त्या आघाडीवर सामना महाराष्ट्राच्या पदरात पडला, आणि त्यात एकट्या देवधरांच्या धावा होत्या २४६. तेव्हा त्यांचं वय अठ्ठेचाळीस! पुढं १९४४ साली, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरच्या संघाविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन शतकं केली, १०५ आणि १४१.

हे कशाच्या बळावर झालं? संस्कृतात ‘अभ्यास’ या शब्दाचा अर्थच मुळी पुन्हा पुन्हा करणं असा आहे. आपण मराठीत तो शब्द पुस्तकाला बांधून टाकला, आणि खेळाला मात्र ‘हुंदडणं’ म्हणू लागलो. धातू-शब्दांची रूपं जशी रोज घोकावी लागतात, तसाच फटकाही रोज घोटावा लागतो. एक दिवस गाळला तर कोणाच्या लक्षात येत नाही. दहा वर्षं गाळली तर साऱ्यांच्या लक्षात येतं. देवधरांनी तो नेम गाळला नाही.

या ठिकाणी आमच्या दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या मुलाची आठवण येते. परीक्षेसाठी तो चालत साताऱ्याला गेला, आणि ‘तू फार लहान दिसतोस’ म्हणून त्याला परत पाठवलं गेलं. तो मुलगा म्हणजे पुढचे महर्षी धोंडो केशव कर्वे. एकाच्या आड लहानपण आलं, दुसऱ्याच्या आड वाढतं वय. दोघेही पुण्यात प्राध्यापक झाले, दोघांनीही हाती घेतलेलं काम सोडलं नाही, आणि दोघांनीही वयाची शंभरी ओलांडली.

खेळणं थांबल्यावरही देवधर मैदानापासून दूर गेले नाहीत. महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनेचं अध्यक्षपद, नियामक मंडळाचं उपाध्यक्षपद, राष्ट्रीय संघाची निवड, ही कामं त्यांनी केली. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९१ मध्ये पद्मभूषण. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाचा करंडक खेळला जाऊ लागला. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या एकशेदुसऱ्या वर्षी, ते निवर्तले.

शिक्षक बंधुभगिनींनो, क्रिकेटचं साहित्य महाग असतं. हुतुतूला आणि खो-खोला मात्र दमडी लागत नाही. लागतो तो मास्तरांचा वेळ. उद्या खेळाचा तास कोणी मागायला आलं, तर तो देऊ नका. मुलांबरोबर बाहेर या.