बखरीत बसतं का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा चार मित्रांना घेऊन आमच्या बैठकीत खेळायला बसला. पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसते कागद, पेन्सिली आणि नाना आकारांचे फासे. मी चौकशी केली तेव्हा कळलं, की या खेळात प्रत्येकानं आपलं एक पात्र तयार करायचं आणि सूत्रधार सांगेल त्या गोष्टीत ते घेऊन शिरायचं. पात्र तयार करताना दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. पहिली, त्याचा वंश : माणूस, एल्फ की ड्वॉर्फ. दुसरी, त्याचा पेशा : योद्धा, चोर, पुजारी की जादूगार. भाच्यानं कागदावर लिहिलं, ‘ड्वॉर्फ जादूगार’, आणि तिथंच भांडण जुंपलं.

मित्रांचं म्हणणं असं, की ड्वॉर्फ म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारी, दाढीवाली, बुटकी, कणखर जात. त्यांनी खाणी खणाव्यात, लोखंड ठोकावं, कुऱ्हाड चालवावी. त्यांना जादू कुठली? त्या जगाची म्हणून एक बखर असते. कुणाचे पूर्वज कोण, कुणाचं वैर कुणाशी, कोण काय करतो, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. त्या बखरीत हे बसत नाही. शेवटी न्यायनिवाडा माझ्याकडे आला, कारण मामू इतिहासाची पुस्तकं वाचतात. मी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि गंभीरपणे निकाल दिला, ‘नाही बसत.’

भाचा माझ्याकडं पाहून हसला आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाला, ‘मामू, लोगां आपकू बी तो येच पूछते ना?’

मंडळी, हा वार वर्मी बसला. मी मराठीत कविता लिहितो त्याला तीस वर्षं होऊन गेली. या तीस वर्षांत ‘मुसलमान असून मराठी किती छान!’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद नाही. म्हणणारा प्रेमानंच म्हणतो. एका तालुक्याच्या गावी कविसंमेलनात सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘उर्दूचे नामवंत शायर’ अशी करून दिली आणि पुढं जोडलं, ‘ते मराठीतही लिहितात.’ माझं उर्दू वडिलांची जुनी पत्रं लावता येतील एवढंच आहे. पण त्या गृहस्थांच्या मनात एक बखर होती आणि त्या बखरीत माझा पेशा ठरलेला होता. हे सगळं सोसलेला मी, माझ्याच बैठकीत बसून एका बिचाऱ्या ड्वॉर्फला सांगत होतो, की तुला जादू शोभत नाही!

मग मी त्या खेळाची माहिती काढली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी आणला. त्याच्या 1978 च्या नियमपुस्तकात ड्वॉर्फला जादूगार होण्याची चक्क मनाई होती. जे पेशे मोकळे होते त्यांतही पायऱ्यांची मर्यादा होती. ड्वॉर्फ योद्धा होऊ शकतो, पण अमुक पायरीपर्यंतच. माणसाला मात्र अशी अट नाही. 1981 च्या एका सोप्या आवृत्तीत तर ड्वॉर्फ हा वंशही होता आणि पेशाही तोच. म्हणजे जन्मालाच धंदा चिकटलेला. आपल्या गावगाड्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत या दोन्ही अटी उठल्या, आणि 2024 च्या सुधारित पुस्तकात तर ‘वंश’ हा शब्दही गेला, त्याच्या जागी ‘प्रजाती’ आला. तेव्हा नियमानं भाचा बरोबर होता. पण मुलं नियमावरून भांडत नव्हतीच, ती बखरीवरून भांडत होती. नियम बदलायला एक नवी आवृत्ती पुरते. बखर डोक्यातून जायला वेळ लागतो.

आता या खेळाच्या चौकटीत आपल्या गावचा एक माणूस बसवून पाहू. वंश : हबशी. जन्म : सुमारे 1548, इथिओपिया. आईबापांनी ठेवलेलं नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. येमेनमधलं मोखा बंदर, मग बगदाद, आणि शेवटी दख्खनचा बाजार. अशा मुलाच्या कागदावर पेशाच्या रकान्यात काय लिहाल? फार तर शिपाई. त्या काळच्या बखरीत हबशाची जागा तीच होती. दख्खनच्या सुलतानांनी हबशी गुलाम आणले ते लढण्यासाठी.

हा मुलगा पुढं मलिक अंबर झाला. 1600 साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही संपली असं दिल्ली-आग्ऱ्याला वाटलं. अंबरनं परांड्याला निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षं ते राज्य चालवून दाखवलं. समोरासमोरची लढाई टाळायची, रसद तोडायची, डोंगरात ओढून थकवायचं, हा त्याचा गनिमी कावा. त्यासाठी त्यानं मराठा बारगीर हाताशी धरले. 1624 साली नगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा त्यानं तलावाचं पाणी सोडून शत्रूच्या वाटेत चिखल करून ठेवला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथं कामी आले.

इथपर्यंत तरी पेशा शिपाईगिरीचाच, असं म्हणता येईल. पण याच माणसानं वसुलाची घडी बसवली. मक्तेदारी मोडली, जमिनीची प्रत पाहून धारा ठरवला, गावच्या पाटलांना जबाबदार धरलं. ‘मलिकंबरी’ हा शब्द महसुलाच्या इतिहासात त्यावरूनच आला. याच माणसानं 1610 मध्ये खडकी या लहानशा गावी राजधानी वसवली. तेच पुढं त्याच्या मुलाच्या नावानं फतेहनगर, 1653 मध्ये औरंगाबाद आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. आणि याच माणसानं उत्तरेकडच्या डोंगरपट्टीतून जमिनीखालून नहर आणून या कोरड्या गावाला पाणी पाजलं. आजही तिला नहर-ए-अंबरीच म्हणतात. सेनापती, वजीर, महसूल अधिकारी, नगररचनाकार, पाण्याचा जाणकार. एका हबशी गुलामाच्या कागदावर इतके पेशे! भाच्याच्या मित्रांनी हा कागद पाहिला असता तर खेळातून उठवलंच असतं.

त्या काळातही अशी एक व्यक्ती होती. तिचं नाव बादशहा जहांगीर. आपल्या आठवणींत तो अंबरचं नाव सरळ घेत नाही. काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा अशी शेपटं लावतो. सुमारे 1616 मध्ये त्याचा चित्रकार अबुल हसन यानं एक चित्र काढलं. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य आहे, आणि समोर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. मुंडक्यावर घुबड बसलेलं आहे. प्रत्यक्षात अंबरचं मुंडकं कधीच कुणाच्या हाती लागलं नाही. तो 1626 मध्ये ऐंशीच्या घरात असताना मेला आणि खुलताबादेत स्वतःच्या मकबऱ्यात झोपला आहे. जे रणात जमलं नाही ते कागदावर करून घेतलं. बखर अशीही लिहिली जाते.

निजामीच्या बाराव्या शतकातल्या ‘इस्कंदरनाम्या’त सिकंदर झंगींशी लढतो; हे झंगी म्हणजे काळे, माणसं खाणारे योद्धे. असल्या फारसी कथा मोगल दरबारात आवडीनं वाचल्या जात. काळा माणूस म्हणजे रात्र, बादशहा म्हणजे सूर्य, ही जोडी अबुल हसनला नव्यानं शोधावी लागली नाही.

योगायोग पाहा. चित्रानंतर वर्षभरातच, 1617 मध्ये, पीटर व्हान डेन ब्रूक नावाचा एक डच व्यापारी अंबरला त्याच्या छावणीत भेटला. यानं लिहून ठेवलं ते असं, की माणूस उंच, दणकट, रोमन माणसासारखा करडा चेहरा; लोक त्याला मानतात आणि त्याचा बंदोबस्त चोख आहे. जहांगीर अंबरला कधी भेटला नव्हता. हा भेटला होता. दोघांच्या लिहिण्यात जो फरक आहे तो मला त्या भेटीतूनच आलेला वाटतो. आणि गंमत म्हणजे अंबर मेल्यावर मोगलांच्याच पदरचा इतिहासकार मुतमदखान यानं कबूल केलं, की लढाईत आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती आणि कुणी हबशी गुलाम एवढ्या पदाला पोचल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही.

इथं मला मुतमदखानाशी थोडं भांडायचं आहे. दुसरं उदाहरण नाही असं म्हटलं, की अंबर एक चमत्कार ठरतो आणि बखर शाबूत राहते. अपवाद म्हणून एकाला आत घ्यायचं आणि दार पुन्हा लावून घ्यायचं. ‘मुसलमान असून’ या शब्दांत हेच होतं. पण अंबर हा चमत्कार नव्हता. त्याचा हिशोब लागतो. बगदादला मीर कासिम नावाच्या मालकानं पोराची बुद्धी ओळखून त्याला शिकवलं; अंबर हे नावही त्यानंच दिलं. दख्खनमध्ये त्याला विकत घेतलं चंगेजखानानं. हा निजामशाहीचा पेशवा, आणि स्वतः एकेकाळचा हबशी गुलाम! म्हणजे राज्य कसं चालतं हे अंबर एका हबशाच्याच हाताखाली शिकला. चंगेजखान गेल्यावर त्याच्या बेगमेनं अंबरला मोकळं केलं. नंतर काही वर्षं विजापूरची चाकरी, आणि सोळावं शतक संपता संपता दीडशे स्वारांनिशी पुन्हा निजामशाहीत. पायरीपायरीनं चढलेला माणूस आहे हा.

आणि ज्या राज्यात तो चढला त्याची बखरही जरा सैल होती. फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला. देवगिरीवर एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी किल्लेदार होते, असं परंपरा सांगते. श्रीगोंद्याचे शेख महंमद त्याच काळातले, ‘योगसंग्राम’ लिहिणारे. मुसलमान आणि मराठी संतकवी ही जोडी त्या वेळी लोकांनी पचवली होती.

पण फार हरखूनही जायला नको. याच राज्यात माणसं विकली जात होती. दखनी, हबशी आणि परदेशी सरदारांचे गट एकमेकांच्या रक्ताला तहानलेले होते. आणि खुद्द अंबरला एक पायरी कधी चढता आली नाही. राज्य त्याचं, फौज त्याची, राजधानी त्यानं वसवलेली. पण गादीवर मात्र निजामशाही रक्ताचाच माणूस लागे. एक नको झाला तर दुसरा बसवावा लागे. जुन्या खेळातली पायऱ्यांची मर्यादा ती हीच. ती निसर्गानं घातलेली नव्हती. बंगालमध्ये पंधराव्या शतकाच्या शेवटी हबशी सुलतान होऊन गेले होते आणि आपल्याच जंजिऱ्यावर सिद्दींनी 1948 पर्यंत राज्य केलं. मर्यादा होती ती लोक काय मान्य करतील याची.

तेव्हा मी माझा निकाल मागं घेतला. भाच्याला म्हटलं, तुझा ड्वॉर्फ जादूगार चालेल, पण एका अटीवर. त्याला कुणी शिकवलं ते लिही. कारण ‘शोभतं का’ हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. वंश आणि पेशा यांची जोडी जमते ती मधे कुणीतरी शिकवणारा असतो म्हणून. तो मीर कासिम असेल, चंगेजखान असेल. माझ्या बाबतीत ते एक प्राथमिक शाळेतले गुरुजी होते. माझी पहिली कविता त्यांनी शुद्धलेखन सुधारून फळ्यावर लिहिली. मुसलमान असून वगैरे ते काही म्हणाले नाहीत. ‘ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ’ एवढंच म्हणाले.

आमच्या शहरात अंबरनं बांधलेला भडकल दरवाजा आहे. त्याच्याजवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. ज्यांच्या जातीला बखरीनं पुस्तकाची बंदी घातली होती, त्यांनी राज्यघटना लिहिली, आणि 1950 मध्ये याच शहरात कॉलेज काढलं. तिथून जाताना हल्ली मला दोघं एकदम आठवतात.

भाच्यानं दुसऱ्या दिवशी कागद आणून दाखवला. त्याच्या ड्वॉर्फला एका म्हाताऱ्या ड्वॉर्फ जादूगारणीनं शिकवलं होतं. मी विचारलं, ‘आणि तिला कुणी शिकवलं?’ तो म्हणाला, ‘मामू, ते पुढच्या सुट्टीत.’