अमेरिकेचा अभ्यास आणि आपला समाज

अमेरिकेची संस्कृती, तेथील लोकसमूहांची अस्मिता आणि तिला वाचा फोडणारी नियतकालिके हा विषय विद्यापीठात शिकून आपल्या मुलांना काय लाभ, असा प्रश्न पुष्कळ ज्ञातिबांधव विचारतात. त्याचे उत्तर आपल्याच मुलखाच्या इतिहासात आहे.

अमेरिकेत १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या त्या देशातील लोकांस अर्पण केला. दूर देशीच्या दास्यात त्यांना येथील शूद्रातिशूद्रांचे दुःख दिसले. पुढे १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध त्यांनी १९१६ साली तेथेच वाचला.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. उच्च शिक्षणाची सोय अगदी तुटपुंजी. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी मिलिंदमध्ये कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय करून दिला व येथील दलित तरुणांनी आपले अनुभव आपल्याच शब्दांत लिहावेत, असा आग्रह धरला. याच वातावरणात १९६७ साली ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. ‘अस्मितादर्श’ या नावाने ते डॉ. गंगाधर पानतावणे यांनी दीर्घकाळ चालविले. ज्यांच्या लेखनास अन्यत्र जागा मिळत नव्हती, त्यांना तेथे हक्काचे पान मिळाले.

आपल्या जिल्ह्याचाही यात वाटा आहे. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते. तेथील राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचा ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ १९७८ साली प्रसिद्ध झाला. त्या नावातील ‘निग्रो’ हा शब्द आज त्याज्य मानला जातो. ग्रंथाचे मोल मात्र त्यामुळे उणे होत नाही.

या सर्वांनी परदेशाचा अभ्यास केला तो स्वदेश समजून घेण्यासाठी. अमेरिकेतील वर्णद्वेष वाचून आपले रक्त तापते. मग आपल्या गावचा पाणवठा, आपली पंगत व आपल्या सोयरिकी यांचाही त्याच कसोटीने विचार करावयास नको काय? ज्ञातिसंस्थांनी पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे अवश्य गावेत. परंतु आपल्याहून खालचे मानलेल्यांशी आपण कसे वागलो, याचीही नोंद ठेवावी. तरच आपला इतिहास खरा ठरेल.

म्हणून समाजाच्या चालकांस नम्र सूचना आहे की, शिष्यवृत्ती देताना वैद्यक व अभियांत्रिकी यांच्या जोडीने समाज, साहित्य व वृत्तविद्या यांच्या अभ्यासकांसही स्थान द्यावे आणि मुलींचा त्यात अगत्याने विचार करावा.