उलंगवाडीनंतरचा फड

हिंगोली जिल्ह्यात करमणुकीचे दोन हंगाम आहेत. पहिला शहराचा. आश्विनात दसरा महोत्सव भरतो, रामलीला मैदानावर रामलीला होते, भोवती प्रदर्शन, पाळणे आणि दुकाने लागतात, रावण जळतो आणि गर्दी पांगते. दुसरा खेड्यापाड्यांचा. होळी झाली, रान मोकळे झाले की मृगाच्या पावसापर्यंत जत्रा, गोंधळ, जागरण, सोंगी भारूड, तमाशा, हरिनाम सप्ताह असे काही ना काही चालू असते. आपल्याकडच्या लोककलांवर लिहिताना हे दोन्ही हंगाम सहसा धर्माच्या खात्यावर मांडले जातात: देव आहे म्हणून जत्रा आणि जत्रा आहे म्हणून तमाशा. मला ही मांडणी अपुरी वाटते. दिवस देव ठरवत असेल, पण त्या दिवशी पैसे मोजून कलावंत आणायचे की नुसता नारळ फोडून परतायचे, हे गावाच्या हिशेबाने ठरते. पैसा कोणाच्या हाती कोणत्या महिन्यात येतो, हे पाहिल्याशिवाय या जिल्ह्याच्या रंगभूमीचा इतिहास नीट लागत नाही.

शहरापासून सुरुवात करू, कारण तिथला पुरावा गल्लीबोळांच्या नावांतच आहे. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही हिंगोलीतली वस्त्यांची नावे निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेने मागे ठेवली. ही फौज निजामाच्या खर्चाने चाले आणि तिचे अधिकारी इंग्रज असत. १९०३ मध्ये ती हिंदुस्थानी सैन्यात विलीन होईपर्यंत हिंगोली तिच्या मुख्य ठाण्यांपैकी एक होती. छावणी म्हणजे ठरावीक पगार, आणि ठरावीक पगाराभोवती बाजार उभा राहतो. त्याला कापसाच्या व्यापाराची जोड मिळाली, पुढे पूर्णेहून रेल्वे आली. दसरा महोत्सवाची परंपरा १८५५ पासूनची सांगतात, म्हणजे छावणी भरात असतानाची. या फौजेत उत्तरेकडून आलेल्या शिपायांचा मोठा भरणा होता. रामलीला हा काही मराठवाड्याच्या मातीतला प्रकार नव्हे. आपल्याकडे नवरात्रानंतर लळित होई, भारुडातली सोंगे येत. गंगा-यमुनेच्या दुआबातली रामलीला शेकडो कोस दक्षिणेला येऊन रुजते, त्यामागे भक्ती आहेच. पण शस्त्रपूजन करणारा, पगार घेणारा आणि रामकथा हिंदीत ऐकू इच्छिणारा प्रेक्षक इथे होता, हे कारणही तितकेच मोठे असावे. निजामाच्या राज्यातले सरकारी फसली वर्षही ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्याने सुरू होई. छावणी, कचेरी आणि पेठ या तिघांनाही आश्विन सोयीचा होता.

कुणब्याला मात्र तो तितकासा सोयीचा नव्हता. दसऱ्याला ज्वारी-कापूस अजून रानात असे आणि रब्बीची पेरणी तोंडावर. त्याचे वर्ष पाडव्याला संपते. सालगड्याचे साल पाडव्याला सुटते, जुना हिशेब मिटतो, नवी उचल घेतली जाते आणि पुढच्या वर्षासाठी माणूस बांधला जातो. बलुत्याचे दिवस होते तेव्हा मांग, महार, गुरव, न्हावी यांचा वाटा खळ्यावर मोजला जाई, आणि गोंधळी, वासुदेव, वाघ्या हेही खळ्यावरच पदर पसरत. वाजवणारा, गाणारा, नाचणारा आणि सोंग आणणारा बहुतेक याच माणसांतला. त्याच्या कलेचे मोल आणि त्याच्या श्रमाचे मोल एकाच ढिगातून आणि एकाच वेळी निघे, त्यामुळे कलेचा हंगाम वेगळा असण्याचे कारणच नव्हते. तमाशाने पुढे रोख व्यवहार पत्करला, पण घडी तीच ठेवली. हिंगोलीहून बऱ्याच लांब, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात हा हिशेब सर्वांत उघडपणे दिसतो. तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच पाडव्याच्या सुमारास येतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. फडातला ढोलकीवाला, सोंगाड्या, नाचणारी बाई हे मालकाकडून वर्षाची उचल घेऊन बांधलेले असतात. सालगड्याची आणि सोंगाड्याची बांधणी इतकी सारखी आहे की हा योगायोग मानणे कठीण. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा रात्रभराचा पसारा, त्यातली पाटलाची आणि सावकाराची टिंगल, मावशीची फटकळ जीभ हे सगळे ज्या माणसांसमोर होई, ती नुकतीच हिशेब देऊन-घेऊन आलेली असत. बतावणीतले विनोद इतके पैशाचे, उधारीचे आणि फसवणुकीचे का असतात, याचे उत्तर मला इथे सापडते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. चैत्रात रामनवमी आहे, हनुमान जयंती आहे, खंडोबाच्या आणि देवीच्या जत्रा आहेत. तिथ्याच तिथे दाटल्या आहेत, मग पैशाचे निमित्त कशाला? याला हिंगोली जिल्ह्यातच चांगले उत्तर आहे. नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मगाव. आषाढी झाल्यावर पंढरपूरहून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला नर्सीला येतात, परतवारीला तिथे प्रचंड गर्दी लोटते. करमणुकीचा धंदा नुसत्या गर्दीवर आणि तिथीवर चालत असता, तर परतवारी हा जिल्ह्यातल्या फडांचा सुगीचा दिवस ठरायला हवा होता. तसे नाही. तिथे भजन आहे, कीर्तन आहे, फराळाची दुकाने आहेत; तंबू ठोकून तिकीट लावणारी रंगभूमी त्या दिवसावर उभी राहिली नाही. कारण आषाढात शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि खतात मातीआड गेलेला असतो. श्रावणात तर सणांची रांग लागते, आणि फड तेव्हा घरी बसलेले असतात. पावसात तंबू उभा राहत नाही, वारकऱ्याला तमाशा चालत नाही, हेही खरे. म्हणून कोरड्या दिवसांतले, दुसऱ्या देवाचे उदाहरण घ्यावे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, आणि तिथे तमाशाचे तंबू आणि लावणी यांची जुनी ख्याती आहे. ती उन्हाळ्यात नाही, तरीही माझ्या म्हणण्याला बळच देते. माळेगाव हा घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांचा मोठा बाजार आहे. जनावर विकून रोकड हाती आलेला माणूस रात्री मुक्कामाला असतो, मग फडाला वैशाखाची वाट पाहण्याची गरज राहत नाही.

दुसरा आक्षेप हवामानाचा. उन्हाळ्यात मोकळ्यावर बसता येते, थंडी नाही, पाऊस नाही, एवढे कारण पुरेसे नाही का? पुरेसे नाही, पण आवश्यक आहे, आणि त्यात एक गोष्ट दडलेली आहे जी हवामान म्हणणारे सांगत नाहीत: जागा. औंढा नागनाथची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितले, ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. चमत्कार बाजूला ठेवला तरी या जिल्ह्याची प्रयोगाविषयीची सर्वांत जुनी आठवण जागेच्या भांडणाची आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. देवळाचा सभामंडप, पाटलाचा वाडा, चावडीचा ओटा या पक्क्या जागा कोणाला मिळायच्या हे ठरलेले होते, आणि मांगाच्या हलगीला त्या मिळत नसत. उलंगवाडी झाली, शेवटचा कापूस वेचून गुरे मोकळी सोडली, की गावाभोवतीचे रान काही आठवडे कोणाच्याही कामाचे उरत नाही. तेव्हाच गावकुसाबाहेर एक रंगमंच आपोआप तयार होतो. त्याला भाडे नाही आणि तिथे पायरीचा प्रश्नही थोडा सैल पडतो. उन्हाळ्याने कलावंताला दिली ती हवा नव्हे, ही जमीन. उन्हाचा त्रास मात्र खराच. मराठवाड्यात वैशाखात पारा ४२ अंशांवर जातो, भिंती रात्री उशिरापर्यंत धग टाकतात. म्हणून फड दहा-अकराला उभा राहून पहाटेपर्यंत चाले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केला, सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंत सवलत उरली. नियमाचा हेतू योग्य आहे, रुग्णाला आणि परीक्षार्थी मुलाला झोप हवी. पण तो सातच्या प्रयोगाला बसणाऱ्या शहरी प्रेक्षकाच्या घड्याळावर बेतलेला आहे. वगनाट्य लांबीने आखडले, शेवटचा भाग गळाला आणि गाण्यांची रांग वाढली. अभिरुची घसरल्याचा दोष तेवढा कलावंतांच्या माथी आला.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पैशावरच हंगाम ठरत असेल, तर सोयाबीन आल्यावर तो बदलायला हवा होता. गेल्या काही दशकांत हिंगोलीत ज्वारी मागे पडली, सोयाबीन पसरले, आणि त्याचा पैसा दसरा-दिवाळीतच हाती येतो. मग खेड्यातले फड कार्तिकात का गेले नाहीत? एक तर तो पैसा येण्याआधीच गेलेला असतो: कृषी सेवा केंद्राची उधारी, पीककर्ज, रब्बीचे बियाणे. दुसरे, प्रेक्षकच गावात नसतो. ऊसतोडीचे कोयते दसऱ्याच्या आसपास गाव आणि तांडे सोडतात, आणि साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, फाल्गुन-चैत्रात परततात. गावात धान्य असून माणूस नसेल, तर वग कोणासमोर करायचा? तिसरे कारण हळद. पूर्णा प्रकल्पाच्या येलदरी-सिद्धेश्वर धरणांचे आणि पैनगंगेवरच्या इसापूरचे पाणी वसमत-कळमनुरीकडे फिरले, तशी इथली हळद वाढली. आज वसमत आणि हिंगोली हे हळदीचे नावाजलेले बाजार आहेत. हळद माघापासून खणली जाते, मग शिजवणे, वाळवणे, घोळणे. पट्टी हाती पडते ती चैत्र-वैशाखात. म्हणजे सोयाबीनने जो हंगाम हलवला असता, तो हळदीने आणि कोयत्याने जागेवर धरून ठेवला.

हंगाम हलतो कसा, याचे उदाहरण अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत पाहायला मिळते. आयोवा राज्याची पहिली जत्रा १८५४ च्या ऑक्टोबरात भरली, हिंगोलीच्या दसऱ्याच्या परंपरेच्या एकच वर्ष आधी. आज ती ऑगस्टात भरते, आणि तिथे गायक-विनोदवीरांच्या कार्यक्रमांना होणारी गर्दी मुख्यतः शेतावरून आलेली नसते. शेतकरी प्रेक्षकांतला मुख्य घटक उरला नाही की तारीख शाळेच्या सुट्टीकडे सरकू शकते. हिंगोलीत ती सरकलेली नाही, यावरून इथला प्रेक्षक अजून कोण आहे ते कळते.

बदलले ते प्रकार. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळाला महाराष्ट्रभर प्रतिष्ठा मिळवून दिली, तरी लग्नसराईतल्या गोंधळाच्या रात्री आखडल्या आहेत. त्याच चैत्रातली त्याच गावाची वर्गणी आता बऱ्याच ठिकाणी अखंड हरिनाम सप्ताहाकडे वळते. कीर्तनकाराची तारीख सुपारीसारखीच आधी ठरते, आणि सासू-सुनेवरचे, मोबाइलवरचे, लग्नातल्या उधळपट्टीवरचे त्याचे विनोद ऐकताना सोंगाड्याची गैरहजेरी फारशी जाणवत नाही. याला कोणी तमाशावर भक्तीचा विजय म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. विनोदाची भूक तीच, आठवडेही तेच. फक्त आता तो विनोद बायकामुलांसह बसून ऐकता येतो, आणि गावाच्या पुढाऱ्याला फलकावर नाव लावता येते. यात हरला तो उचल घेऊन बसलेला कलावंत, कारण सप्ताहात त्याला जागा नाही.

कलावंताची पाडव्याशी असलेली ही बांधणी किती घट्ट होती हे करोना साथीच्या दोन वर्षांत दिसले. देशभर टाळेबंदी सुरू झाली तो २५ मार्च २०२० हा पाडवा होता, सुपाऱ्यांचा दिवस. २०२१ चा चैत्रही निर्बंधांतच गेला. त्या वर्षी २२ ऑक्टोबरला राज्यातली नाट्यगृहे उघडली, मुंबई-पुण्यात नाटकांचे प्रयोग सुरू झाले आणि वृत्तपत्रांनी रंगभूमी पुन्हा सुरू झाल्याचे लिहिले. गावोगावच्या फडांच्या दृष्टीने त्या तारखेला फारसा अर्थ नव्हता, त्यांच्या कमाईच्या जत्रा अजून पाच-सहा महिने लांब होत्या. राज्यातले सगळे निर्बंध उठले ते २ एप्रिल २०२२ ला, पुन्हा पाडव्यालाच. मधल्या दोन उन्हाळ्यांच्या जत्रांतून जी उचल फिटायची, ती न फिटता नव्या सालाच्या खात्यात ओढली गेली.