टोपी, फेटा आणि शाळेचा नियम

शाळेचा गणवेश मुलांमुलांतला भेद झाकण्यासाठी असतो, असे आपण सारे धरून चालतो. त्याचा उगम मात्र नेमका उलटा आहे. लंडनमध्ये १५५२ साली अनाथ व गरीब मुलांसाठी ख्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा निघाली. तिथल्या मुलाचा लांब निळा डगला दिसला की हे धर्मादायावर वाढणारे पोर आहे, हे वाटेवरच्या माणसाला कळे. पुढे श्रीमंतांच्या शाळांनी गणवेश उचलला, तेव्हा ती खूण मानाची झाली. समतेचा अर्थ तिला पुष्कळ उशिरा चिकटला. त्या समतेच्याच नावाने नियम ताणला म्हणजे काय होते, याचा एक दाखला आम्हांला आज श्रोत्यांपुढे ठेवायचा आहे.

तो बर्मिंगहॅमचा आहे. १९७८ साली एका शीख गृहस्थांनी तिथल्या एका खासगी शाळेत मुलाचे नाव घालायचे ठरवले. शाळेचा नियम असा, की केस कॉलरला टेकता कामा नयेत आणि डोक्यावर शाळेची टोपी हवी. म्हणजे डोके झाकायला हरकत नव्हती; फक्त ते शाळेच्याच कापडाने झाकले पाहिजे! केस कापणे आणि फेटा सोडणे वडिलांना मान्य नव्हते. प्रवेश नाकारला गेला.

मुख्याध्यापक दुष्ट होते असे कोणी समजू नये. त्यांच्या शाळेत अनेक वंशांची मुले शिकत होती; फेटा न घालणारी शीख मुलेही होती. बाहेरून दिसणारे भेद शक्य तितके कमी करावेत, हा त्यांचा हेतू. आम्हांला तर हा खटला त्यामुळेच मोलाचा वाटतो. दुष्टाने केलेल्या अन्यायावरून नियमाची परीक्षा होत नाही.

१९७६ च्या वंशसंबंध कायद्याखाली दावा गुदरला. खालच्या न्यायालयात तो फेटाळला गेला. १९८२ साली अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनीही तेच केले: शीख हा धर्म आहे, वंश नव्हे, आणि हा कायदा धर्माला संरक्षण देत नाही. मार्च १९८३ मध्ये मात्र हाऊस ऑफ लॉर्ड्सने, जे तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायपीठ होते, एकमताने निकाल फिरवला. दीर्घ सामाईक इतिहास आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा असलेला समाजही कायद्यातल्या वांशिक गटात बसतो, असे लॉर्ड फ्रेझर यांनी ठरवले.

पण खरी मेख एका साध्या क्रियापदात होती. नियम पाळू 'शकणे' म्हणजे काय? शाळेचे म्हणणे, फेटा काढता येतो. हात आहेत, गाठ सुटते. न्यायमूर्ती म्हणाले, शरीराने शक्य आहे एवढे पुरत नाही. आपल्या समाजाचे रीतिरिवाज न मोडता माणसाला ते जमते का, हे पाहिले पाहिजे. तसे पाहता शिधा घेणाऱ्या उपाशी माणसालाही उपास करता 'येतोच' की!

नियमाला सबळ कारण असेल तर तो टिकतो, हेही कायद्यात होतेच. फेट्याने परका धर्म उघड दिसतो, हे कारण मात्र पुरेसे ठरले नाही. मुख्याध्यापकांनी आपली बाजू लॉर्ड्सपुढे स्वतःच मांडली होती, आणि न्यायमूर्तींनी त्यांच्याविषयी सहानुभूतीही बोलून दाखवली. निकाल लागला तेव्हा तो मुलगा दुसऱ्या एका खासगी शाळेत शिकत होता, डोक्याला फेटा बांधून.