मुखाघात, तातडीचा उपचार आणि स्थलांतरित

इ. स. १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे केवळ दंतशल्यविद्येसाठी एक महाविद्यालय स्थापन झाले. अशा प्रकारचे ते जगातील पहिले महाविद्यालय होय. त्यामुळे दंतवैद्यकाला शास्त्राची प्रतिष्ठा लाभली, हे निर्विवाद आहे. परंतु दात उर्वरित शरीरापासून निराळे मानून त्यांची चिकित्सा वेगळ्या व्यवसायाकडे सोपविण्याची प्रथाही तेथूनच दृढमूल झाली. ही विभागणी पुढे कायद्यात उतरली. तिचा भार सर्वांत अधिक कोणावर पडला, हे पाहावयाचे तर स्थलांतरितांच्या जखमी चेहऱ्याचा इतिहास तपासावा लागतो.

१९६५ साली अमेरिकेने वृद्धांसाठी मेडिकेअर आणि निर्धनांसाठी मेडिकेड या दोन योजना सुरू केल्या. मेडिकेअरने दातांची नेहमीची चिकित्सा स्पष्टपणे वगळली. मेडिकेडने प्रौढांच्या दंतोपचाराचा प्रश्न त्या त्या राज्याच्या मर्जीवर सोडला. यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९८६ चा. पैसे नसलेल्या रुग्णाला दारातूनच सार्वजनिक रुग्णालयाकडे पिटाळण्याची रीत तोवर बोकाळली होती. तिला आळा घालण्यासाठी त्या वर्षी कायदा झाला. मेडिकेअरचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने तातडीच्या विभागात आलेल्या कोणाही व्यक्तीला तपासावे व तिची प्रकृती स्थिर करावी, असे बंधन त्याने घातले. येथे नागरिकत्वाची अट नाही. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना मेडिकेडचे साहाय्य केवळ तातडीच्या प्रसंगापुरते मर्यादित केले. एका कायद्याने दार उघडले, दुसऱ्याने उंबरठ्याच्या आत किती पावले टाकता येतील हे ठरविले.

‘स्थिर करणे’ या शब्दाचा चेहऱ्याच्या संदर्भात काय अर्थ होतो, हे आता पाहिले पाहिजे. फ्रेंच शल्यवैद्य रने ल फोर याने १९०१ साली मृतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याच्या मध्यभागातील हाडे कोणत्या तीन रेषांवर भंगतात, हे दाखवून दिले. असा अस्थिभंग श्वासमार्ग रोधू शकतो. म्हणून तो निःसंशय तातडीचा ठरतो. उलट, मुळासकट निखळलेला दात प्राण घेत नाही. तथापि तो दुधात ठेवून तासाभराच्या आत पुन्हा बसविला तरच वाचण्याची खरी आशा असते. म्हणजे वैद्यकीय दृष्ट्या त्याची निकड काही थोडी नव्हे. तातडीच्या विभागात दंतवैद्य मात्र बहुधा नसतो. वेदनाशामक औषध, प्रतिजैविक आणि ‘दंतवैद्यास भेटावे’ अशी चिठ्ठी घेऊन रुग्ण बाहेर पडतो. ज्याच्यापाशी विमा नाही, त्याच्या लेखी त्या चिठ्ठीला मोल नाही.

या व्यवस्थेची कसोटी सॅन डिएगोजवळच्या सरहद्दीवर लागली. तेथील पूर्वीचे अडथळे स्थानपरत्वे ६ ते १७ फूट उंच होते. २०१९ पर्यंत त्यांच्या जागी ३० फुटी पोलादी भिंत उभी राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तेथील आघातोपचार केंद्रात २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत भिंतीवरून पडलेले ६७ रुग्ण दाखल झाले होते. पुढील तीन वर्षांत ही संख्या ३७५ झाली. यांपैकी बहुतेकांच्या इजा पायांच्या व मणक्याच्या असतात; परंतु डोके व चेहरा हेही या आघातातून सुटत नाहीत.

चेहऱ्याची इजा इतर इजांहून एका बाबतीत भिन्न आहे. ती उच्चारणाच्या साधनांवरच घाला घालते. स्पॅनिशमधील ‘त’ व ‘द’ हे ध्वनी दंत्य आहेत. ‘फ’साठी खालचा ओठ वरच्या दातांना टेकावा लागतो. मोडलेला जबडा तारेने आवळला, की रुग्णाला कित्येक आठवडे मिटल्या दातांनीच बोलावे लागते. १९९६ च्या कायद्यानुसार सरहद्दीवर आश्रय मागणाऱ्यास, आपली भीती साधार असल्याचे मुलाखतीत तोंडी सांगावे लागते. अशा व्यक्तीचे मुख हेच तिच्या पुराव्याचे साधन असते.

ऐकणाऱ्याची बाजूही यापासून वेगळी काढता येत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने राष्ट्रीय मूळावरून भेदभाव करण्यास बंदी केली. त्याच्या आधारे २००० सालच्या अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी न येणाऱ्यांसाठी भाषासाहाय्याची तरतूद करविली. तो आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. २०१६ च्या आरोग्यविषयक नियमांनी अल्पवयीन मुलांना दुभाषे म्हणून वापरण्यास मनाई केली. परंतु जिवावरचा प्रसंग असून लायक दुभाषा तत्काळ मिळत नसेल, तर अपवाद ठेवला. म्हणजे आईच्या भंगलेल्या जबड्याचे वर्तमान तिच्या अजाण मुलाने सांगावे, हे नेमके सर्वांत बिकट क्षणी नियमसंमत ठरले.

सारांश, दात शरीरापासून, तातडी उपचारापासून आणि बोलणारा ऐकणाऱ्यापासून अशा तीन विभागण्या निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या हेतूंनी झाल्या. त्यांतील एकही स्थलांतरितांना डोळ्यांपुढे ठेवून आरंभिली गेली नव्हती. तरीही तिन्ही त्यांच्या चेहऱ्यावर एकत्र येतात. कायद्याने प्राण वाचविण्याचे कर्तव्य मानले, ही गोष्ट लहान नव्हे. पण वाचलेल्या माणसाला चावता व बोलता आले पाहिजे, हे त्या कर्तव्यात अद्याप अंतर्भूत झालेले नाही.