भरतीच्या वाटेनें पेण आणि रोहा



मुंबईहून पेण किंवा रोहा गांठावयाचें झालें, म्हणजे आज आपण गाडीचें वेळापत्रक पाहतों. आपल्या पणजोबांच्या पिढीस प्रथम पंचांग पाहावें लागे, आणि तेंहि मुहूर्तासाठीं नव्हे, तर पाण्यासाठीं. त्या पाण्याच्या प्रवासाची कथा आज थोडक्यांत सांगावयाची आहे. कारण वाहनें बदललीं तरी ह्या मुलखांत पाण्याचा अंमल अजून उठलेला नाहीं.

नकाशा डोळ्यांपुढें आणा. पेण भोगावतीच्या कांठीं, नागोठणें अंबेच्या कांठीं. दोन्ही नद्यांचें पाणी धरमतरच्या खाडीनें रेवसपाशीं समुद्रास मिळतें. रोहा कुंडलिकेच्या कांठीं, आणि तिचें मुख रेवदंड्यापाशीं. मधला मुलूख डोंगरांचा आणि खारेपाटाचा. खुष्कीची वाट मुळींच नव्हती असें नव्हे. नागोठण्याजवळचा दगडी पूल निजामशाहीच्या काळचा आहे. परंतु माणसांना आणि मालाला सोईचा मार्ग खाडीचाच. भरतीबरोबर मचवा आंत शिरावयाचा आणि ओहोटीबरोबर बाहेर पडावयाचा. पेणचा उतारू अंतोरें बंदरीं पाय ठेवी. भरती हुकली, तर मचवा चिखलांत रुतून पुढचें पाणी चढेपर्यंत तासन् तास खोळंबा होई.

ह्या वाटेचा एक नामांकित प्रवासी इतिहासास ठाऊक आहे. १६७४ सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडास गेला. तो होडीनें चौलास आला, तेथून कुंडलिकेंतून रोह्यासमोरच्या अष्टमी गांवापर्यंत पाण्यानेंच गेला, आणि मग निजामपूर व गांगवली ह्या गांवांवरून पाचाडास पोंचला. रायगडाची वाट अशी रोह्याच्या धक्क्यावरून जात होती.

भरतीची वेळ काढण्याचा कोंकणी हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आंकडा पूर्ण भरतीच्या तासाचा. अष्टमीस सहा वाजतां भरती, सकाळीं आणि सायंकाळींहि. पौर्णिमा-अमावास्येस दुपारीं आणि मध्यरात्रीं बाराच्या आगेमागें. हा हिशेब ढोबळ खरा, आणि खाडीच्या आंतल्या टोंकास पाणी आणखी उशिरा चढतें. तरी घड्याळावांचून प्रवास करणाऱ्यांस तो पुरेसा होता. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाचें पाणी खोल आंत जाई, तेव्हां मोठीं गलबतें हांकारावींत. अष्टमीच्या भांगाला मात्र लहान होडीच बरी.

हिशेब सुटला म्हणजे समुद्र क्षमा करीत नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी पावसांत काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. सकाळीं निघून सकाळींच उतरावें, एवढाच तो प्रवास. परंतु ऐन आषाढांतला. कुलाबा जिल्ह्यांतल्या कित्येक घरांत ती आठवण पुढें पिढ्यान् पिढ्या राहिली.

नंतर मार्ग पालटले. १९८१ सालीं जिल्ह्याचें नांव रायगड झालें. १९८६ सालीं आपट्याकडून आलेला लोहमार्ग रोह्यापर्यंत पोंचला. १९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेचा आरंभहि रोह्यापासूनच होतो. २०२४ सालीं शिवडी आणि न्हावाशेवा यांना जोडणारा अटल सेतु खुला झाल्यापासून मोटारीनें पेण आणखी जवळ आलें आहे.

तरी जाणाऱ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. प्रवासास उत्तम काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. तेव्हां हवा कोरडी असते आणि वाटाहि सुकलेल्या असतात. गणपतीच्या मूर्ति ऐन हंगामांत घडतांना पाहावयाच्या असतील, तर पेणला आषाढ-श्रावणांत जावें. परंतु मग हाताशीं एक दिवस अधिक ठेवावा. आषाढांत मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळीं आलीं, म्हणजे नद्यांचें पाणी समुद्र घेत नाहीं; तें मागें फुगतें आणि सखल वाटांवर चढतें. अशा दिवशीं वेळापत्रकाबरोबर तिथीहि पाहावी, आणि पाण्याखालच्या पुलावर गाडी घालण्यापेक्षां अलीकडच्या गांवीं मुक्काम करावा. पणजोबांनीं तेंच केलें असतें.